उडी मारण्याआधी खेळाडूला काय माहीत असतं? साइड-स्क्रोलिंग गेमच्या लेव्हलबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एकट्यानं गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मोबाइलसाठी साइड-स्क्रोलिंग प्लॅटफॉर्मर, म्हणजे बाजूला सरकत जाणारा, उड्या मारत पुढे जायचा गेम बनवताय. धावणं, उडी, शत्रू, नाणी सगळं चालू आहे, दहा लेव्हल तयार आहेत. पण पहिल्या तीन लेव्हल मित्रांना कंटाळवाण्या वाटतात आणि चौथीत दोन-चारदा मेले की ते फोन खाली ठेवतात. तर अवघडपणा हळूहळू कसा वाढवायचा, आणि एका लेव्हलमध्ये किती शत्रू, किती खड्डे असावेत?

आकड्याचं आधी उरकतो. भाजी किती आहे ते न सांगता मीठ किती चमचे घालू, असं विचारण्यासारखं आहे ते. एका शत्रूनं भरलेली लेव्हल असू शकते आणि तीस शत्रू टाकूनही ती रिकामी वाटू शकते.

तुम्ही जोडलेल्या चौथ्या लेव्हलच्या क्लिपमध्ये मला खरी अडचण दिसली. तुमचा मित्र कड्याच्या टोकाशी येतो, थांबतो, खाली काय आहे ते बघायचा प्रयत्न करतो. कॅमेरा काही खाली जात नाही. तो उडी टाकतो आणि थेट काट्यांवर. दुसऱ्या वेळी त्याला काटे माहीत आहेत, म्हणून तो उजवीकडे झेप घेतो. तिथे पायाखालची फळी कोसळते, आणि ही फळी कोसळणारी आहे हे त्याला आत्ताच, मरताना कळलं. यात अवघड असं काहीच नाही. बोटांची परीक्षा झालीच नाही, फक्त माहिती उशिरा मिळाली. आणि पहिल्या तीन लेव्हलमध्ये उलटं आहे: सगळं दिसतं, पण माहीत करून घेण्यासारखं नवीन काही नाही. म्हणजे ‘सोप्या लेव्हल कंटाळवाण्या आणि अवघड लेव्हल चिडवणाऱ्या’ या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. प्रत्येक उडीच्या आधी खेळाडूला काय दिसतं आणि काय माहीत आहे, याचा हिशोब लेव्हल मांडताना झालेला नाही.

पुढे जे लिहितोय त्यातलं बरंच कशा प्रकारचा गेम आहे त्यावर बदलतं, हे आधीच सांगतो. सुपर मीट बॉय किंवा सेलेस्टसारखा अचूकतेचा गेम असेल तर खेळाडू मरायलाच आलेला असतो, तिथे मी पुढे देतो ते खड्ड्यांचे आकडे फार मऊ वाटतील. आडवाटा शोधत भटकण्याचा गेम असेल तर ‘सुरुवात ते शेवट’ हा विचारच अपुरा पडतो. कंट्रोलर हातात असेल तर आणखी वेगळं. तुमचा गेम मोबाइलवरचा आहे आणि डावीकडून उजवीकडे सरकतो, तेवढं धरून बोलतो.

पहिलं काम लेव्हलमध्ये नाही, उडीत आहे. उडी पक्की होईपर्यंत एकही लेव्हल सजवू नका. लेव्हल ज्या सारख्या चौकोनांनी बनते त्यातला एक म्हणजे टाइल; उडीची उंची अर्ध्या टाइलने बदलली की दहाच्या दहा लेव्हल पुन्हा तपासाव्या लागतात. बरेच जण गुरुत्वाकर्षणाचा आकडा अंदाजानं टाकून ‘बरं वाटतंय’ म्हणून पुढे जातात. मी उलट्या बाजूनं जातो. आधी ठरवतो की उडी किती टाइल उंच जायला हवी आणि टोकाला पोचायला किती वेळ लागायला हवा. समजा टाइल १६ पिक्सेलची आहे, उडी ४ टाइल म्हणजे ६४ पिक्सेल उंच हवी आणि टोक ०.४ सेकंदात यायला हवं. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे १२८ भागिले ०.१६, गुरुत्वाकर्षण आलं ८००. उंचीची दुप्पट भागिले वेळ, म्हणजे सुरुवातीचा वेग ३२०. गोडोमध्ये वरची दिशा उणे असते, म्हणून −३२०. आता धावण्याचा वेग सेकंदाला १६० पिक्सेल असेल तर हवेत ०.८ सेकंदात पात्र १२८ पिक्सेल, म्हणजे बरोबर ८ टाइल पुढे जातं.

या एका हिशोबातून लेव्हलची मापं निघतात. सपाटीवरून सपाटीवर ८ टाइल ही कमाल. पलीकडची जमीन ३ टाइल उंच असेल तर तिथे उतरण्याचा क्षण ०.६ सेकंदावर येतो, म्हणजे पल्ला ६ टाइल. जमीन पूर्ण ४ टाइल उंच असेल तर उडीच्या टोकावरच टेकावं लागतं आणि पल्ला निम्मा, ४ टाइल. हे माहीत नसलं की डिझायनर तोच ६ टाइलचा खड्डा वरच्या जागी ठेवतो आणि आपण अवघडपणा किती वाढवला याचा त्याला पत्ताच नसतो. तुमच्या गेममध्ये पडताना गुरुत्वाकर्षण जास्त लावलं असेल, आणि लावावंच, उडी त्यानं चपळ वाटते, तर हे आकडे कमी होतील. तेव्हा मोजपट्टीची एक लेव्हल बनवून ठेवा: १ ते ८ टाइलचे खड्डे ओळीनं, १ ते ४ टाइलच्या भिंती ओळीनं. ती कधीच खेळाडूला दाखवायची नाही, पण उडीला हात लावला की आधी तिथे पळायचं.

मापं हातात आल्यावर मी असं वापरतो: कमाल ८ असेल तर ५ पर्यंतचा खड्डा म्हणजे चालता चालता ओलांडायचा. ६ ला खेळाडूनं कडेपर्यंत यायला हवं. ७ फक्त आडवाटेवर, जिथे जाणं सक्तीचं नाही आणि पलीकडे बक्षीस आहे. ८ कुठेही नाही. कारण ८ चा खड्डा चुकला की खेळाडूला कळत नाही की आपलं चुकलं की हा खड्डा ओलांडताच येत नाही. आणि तो दुसरंच धरून चालतो, गेमला शिव्या घालतो.

यातच सवलतींचा विषय येतो. कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी लागू द्यायची, याला कोयोटी टाइम म्हणतात. सेलेस्टमध्ये ही मुदत सेकंदाचा दहावा भाग आहे. वर धरलेल्या १६० च्या वेगानं एवढ्या वेळात पात्र एक टाइल पुढे सरकतं. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताच उडी देणं हा जंप बफर. डोकं छताच्या कोपऱ्याला घासलं तर पात्राला हळूच बाजूला सरकवणं ही तिसरी. टचस्क्रीनवर बटणाचा उंचवटा बोटाला लागत नाही, त्यामुळे या सवलती मोबाइलवर आणखी थोड्या सैल ठेवाव्या लागतात. पण एक पथ्य पाळा: खड्डा मोजताना सवलत धरू नका. कोयोटी टाइममुळे ९ टाइल जाता येतं म्हणून ९ चा खड्डा ठेवला, तर सवलत ही सवलत राहत नाही, ती न सांगितलेली अट होते.

आता शिकवण्याकडे. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल, १-१, यावर इतकं लिहिलं गेलंय की पुन्हा सांगायला संकोच वाटतो. तरी सांगतो, कारण बहुतेक लोक त्यातला पहिला शत्रूच आठवतात आणि शेवटचे जिने विसरतात. सुरुवातीला मारिओ डावीकडे, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचं हे न लिहिता कळतं. मग एक गुंबा, म्हणजे गेममधला पहिला साधा शत्रू, चालत येतो. उडी मारायला शिकला नाहीत तर मराल, पण गमावाल ते काही सेकंदच. पुढच्या प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळत पाइपला आपटून परत येतं आणि बहुधा तुमच्या अंगावरच येतं. ते चांगलं आहे हे कळावं म्हणूनच ती रचना आहे, हे शिगेरू मियामोतो यांनी मुलाखतीत सांगितलेलं आहे. हे सगळं ठीक. पण लेव्हलच्या उत्तरार्धात पायऱ्यांच्या दोन जोड्या येतात. पहिल्या जोडीच्या मधे साधी जमीन आहे. चुकलात तर खाली पडता, परत चढता. दुसऱ्या जोडीच्या मधे खड्डा आहे. आकार जवळपास तोच, हाताची हालचाल तीच, फक्त चुकीची किंमत बदलली. त्या दोन जोड्यांकडे बघून मी जितकं शिकलो तितकं कुठल्या ट्यूटोरियलमधून शिकलो नाही. खेळाडूनं पहिल्या जोडीत काय माहीत करून घेतलं, त्यावर दुसरी जोडी उभी आहे.

तुमच्या कोसळणाऱ्या फळीवर हेच करून बघू. मला वाटतं चौथी लेव्हल पूर्णपणे त्या फळीचीच असावी, बाकी काही नको. सुरुवातीला एक फळी सपाट जमिनीच्या दोन टाइल वर ठेवा, तिच्यावर तीन नाणी. खेळाडू नाण्यांसाठी चढेल, फळी थरथरेल, धूळ पडेल, मग कोसळेल. तो जमिनीवर येईल, अंगाला काही नाही. आता त्याला तीन गोष्टी माहीत आहेत: फळी दिसते कशी, इशारा किती वेळ मिळतो, आणि पडलेली फळी परत येते की नाही. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. फळी परत येत असेल तर ती येताना खेळाडू तिथेच उभा असायला हवा. म्हणून पुढे वाट अशी आखा की त्याला काही सेकंद तिथे थांबावंच लागेल. मी अशा वेळी सावकाश उघडणारं दार ठेवतो.

मग तीच फळी खड्ड्यावर, पण एकच, आणि दोन्ही बाजूंना रुंद जमीन. मग तीन सलग, म्हणजे न थांबता जायला हवं. इथे पहिल्यांदा ताल येतो. पहिल्या फळीवर पाय पडला की बाकीच्या दोन समोर दिसत असायलाच हव्यात. शत्रू या टप्प्यानंतर, आणि एकच: तिसऱ्या फळीनंतरच्या जमिनीवर येरझाऱ्या घालणारा. तो मागे वळलेला असताना उतरायला हवं, पण फळीवर थांबून वाट बघता येत नाही, कारण फळी थांबू देत नाही. बघा, शत्रू तोच, पहिल्या लेव्हलमधलाच. त्याच्याशी जोडलेली गोष्ट बदलली म्हणून तो नवा झाला. ‘किती शत्रू’ याचं माझं उत्तर इतकंच आहे की शत्रू टाकताना विचारा, याच्यामुळे आधीची कुठली उडी वेगळ्या वेळी मारावी लागते? उत्तर ‘कुठलीच नाही’ असेल तर तो फक्त उभा आहे, काढून टाका.

आणि मग कलाटणी. आतापर्यंत फळी कोसळणं हा धोका होता, आता ती वाट होऊ द्या. एका ठिकाणी पुढे भिंत आहे, वर जाता येत नाही, पायाखाली फळ्यांची जमीन आहे. थांबलं तर ती कोसळते आणि खाली नवी वाट उघडते. ज्याला आतापर्यंत ‘थांबू नको’ असं शिकवलं त्याला इथे थांबायचं आहे. मात्र खाली काय आहे ते फळ्यांच्या फटीतून दिसू द्या, दोन चमकणारी नाणी पुरतील. मग शेवटी हे सगळं जोडणारा एक छोटा तुकडा आणि लेव्हल संपली. हा चार पायऱ्यांचा साचा माझा नाही. २०११ च्या सुपर मारिओ थ्रीडी लँडचे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी लेव्हल रचताना कीशोतेनकेत्सु ही मांडणी वापरल्याचं सांगितलं आहे: ओळख, वाढ, कलाटणी, शेवट. मूळ चिनी चार ओळींच्या कवितेतलं, जपानी चार चौकटींच्या चित्रकथांत रुळलेलं. तो गेम साइड-स्क्रोलिंग नाही, पण मांडणी आपल्याला जशीच्या तशी चालते. दहाही लेव्हलना हाच साचा लावू नका मात्र. तिसऱ्या वेळी खेळाडूला कलाटणीचा वास आधीच येतो. मधूनच एखादी लेव्हल नुसत्या वेगाची, विचार न करता पळायची, असू द्या.

कॅमेऱ्यावर थोडं जास्त बोलतो, कारण मोबाइलवर बरेचसे अन्याय्य मृत्यू तिथून येतात. पात्र स्क्रीनच्या बरोबर मध्यभागी ठेवणं ही सवय सोडा. उजवीकडे धावताना पात्र डाव्या एक-तृतीयांशावर हवं, म्हणजे समोरचं जास्त दिसतं. सेकंदाला १० टाइल धावणाऱ्या पात्रासमोर फक्त ८ टाइल दिसत असतील तर खेळाडूला ०.८ सेकंद मिळतो, त्यात बघायचं, ओळखायचं आणि दाबायचं. नवख्याला ते पुरत नाही. खाली उतरायच्या जागी कॅमेरा खाली झुकायला हवा. तुमच्या त्या कड्याशी एक अदृश्य क्षेत्र ठेवा, पात्र त्यात शिरलं की कॅमेरा चार टाइल खाली. ते जमत नसेल तर खाली सुरक्षित जागी नाण्यांची रेघ लोंबती ठेवा. १९९४ च्या डाँकी काँग कंट्रीमध्ये केळी हेच काम करतात: न दिसणाऱ्या जागेकडे केळी जात असतील तर खेळाडू विश्वासानं उडी टाकतो. आणि हा विश्वास एकदाही मोडायचा नाही. नाण्यांखाली काटे ठेवून ‘कसं फसवलं’ असं हसणारे डिझायनर मला भेटले आहेत. त्यांच्या गेममध्ये खेळाडू त्यानंतर एकही नाणं उचलत नाही.

आणि अंगठे! कंट्रोलरची उदाहरणं देणाऱ्या लेखांत हे सापडत नाही. फोन आडवा धरला की डावा अंगठा खालचा डावा कोपरा झाकतो, उजवा अंगठा खालचा उजवा. आणि प्लॅटफॉर्मरमध्ये खड्डे आणि काटे कुठे असतात? खालीच. तुमच्या क्लिपमध्ये जमीन स्क्रीनच्या तळाशी चिकटलेली आहे, म्हणजे पुढचा खड्डा उजव्या अंगठ्याखालून उगवतो. कॅमेरा वर ढकलून जमीन साधारण स्क्रीनच्या खालच्या एक-तृतीयांशाच्या वर आणा आणि खालची पट्टी मातीनं भरून टाका. ती जागा वाया गेली असं वाटेल, पण ती तशीही अंगठ्यांनीच व्यापलेली आहे.

चेकपॉइंटबद्दल, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं त्या जागेबद्दल, लांबण लावत नाही. मेल्यावर पुन्हा खेळायला मिळायला जितका वेळ लागतो तितका अवघडपणा महाग होतो. सेलेस्ट इतका कठीण असूनही लोक सोडत नाहीत, कारण मेलात की त्याच खोलीच्या सुरुवातीला, लगेच. तुमच्याकडे ‘गेम ओव्हर’चा पडदा, मग मेनू, मग लेव्हलची सुरुवात आहे. तो पडदा काढा. चेकपॉइंट अवघड जागेच्या आधी ठेवा, आणि ती जागा पार झाल्यावर लगेच आणखी एक. जिंकलेली गोष्ट पुन्हा जिंकायला लावणं, यासारखा दुसरा वैताग नाही.

बनवायची पद्धत विचाराल तर आधी चौकटीच्या वहीवर, गणिताच्या वहीतला एक चौकोन म्हणजे एक टाइल. मारिओच्या लेव्हलही कागदावर आखल्या जायच्या. मग गोडोत करड्या टाइल्सनी, चित्रं, झाडं, ढग काही नाही. करड्या रूपात मजा येत नसेल तर झाडं लावून येणार नाही. चित्रं मात्र अगदी शेवटची असली तरी एक नियम पहिल्या दिवसापासून हवा: ज्यावर उभं राहता येतं आणि जे नुसतं मागे आहे, त्यांचा रंग कधीच सारखा नको. तुमच्या तिसऱ्या लेव्हलमधली मागची लाकडी कुंपणं फळीसारखीच दिसतात.

चाचणीचं तंत्र साधं आहे, पाळणं कठीण. मित्राच्या हातात फोन द्या, शेजारी बसा आणि तोंड उघडू नका. ‘अरे, तिकडून नाही’ हे ओठांवर येईल, गिळा. तुम्ही प्रत्येक खेळाडूच्या शेजारी बसायला जाणार नाही. मरण्याची जागा फाइलमध्ये नोंदवणारा छोटा कोड टाका आणि नंतर लेव्हलच्या नकाशावर तिथे लाल ठिपके काढा. ठिपक्यांचा ढीग दिसला की लगेच ती जागा सोपी करायला धावू नका. एकच जण तिथे अनेकदा मेला, दर वेळी थोडा पुढे गेला आणि शेवटी पार झाला, तर ती जागा उत्तम आहे. पण वेगवेगळे लोक पहिल्याच वेळी, एकाच प्रकारे मेले, तर तिथे माहिती कमी पडतेय. शंका असेल तर मेल्यावर एवढंच विचारा, ‘कशामुळे मेलास?’ ‘उशिरा दाबलं’ असं उत्तर आलं तर जागा ठेवा. ‘ते काय होतं?’ असा उलट प्रश्न आला तर बदला.

आता सगळ्या दहा लेव्हल उचकटू नका. चौथीची एक प्रत काढा, त्यातून फळी सोडून बाकी सगळं काढून टाका, कड्याशी कॅमेरा झुकवा, जमीन अंगठ्यांच्या वर आणा, ‘गेम ओव्हर’चा पडदा बंद करा. पहिल्या तिन्हींचं एकाच लेव्हलमध्ये काम भागेल असं मला क्लिप बघून वाटतं. धावणं, उडी आणि तो येरझाऱ्या घालणारा शत्रू एवढंच त्यांत शिकवलेलं आहे, ते दीड मिनिटात होतं. हे झालं की ज्यानं आधी कधीच गेम पाहिलेला नाही अशा माणसाला द्या. जुने मित्र आता चालणार नाहीत, त्यांना काटे कुठे आहेत ते पाठ झालंय. लाल ठिपक्यांचा नकाशा इथे टाकलात तर मी पाहीन. उडीची उंची, टोकाला पोचायचा वेळ आणि धावण्याचा वेग हे तीन आकडेही सोबत द्या, त्यांच्याशिवाय खड्ड्यांबद्दल काही बोलता येणार नाही.